मानधन नको, मजुरी द्या

गेल्या उन्हाळ्यात यवतमाळ शहरात एका बँडपथकातील वृद्ध क्लॅरिओनेटवादकाचा सत्कार झाला. शाल, श्रीफळ, स्मृतिचिन्ह असा तो रीतसर सोहळा होता. अध्यक्षस्थानी असलेल्या विद्वान गृहस्थांनी असा विचार मांडला की, खरा कलावंत पैशासाठी वाजवीत नाही. तो अंतरीच्या आनंदासाठी वाजवितो, आणि म्हणूनच त्याच्या कलेचे मोल करता येत नाही. सभागृहाने टाळ्या वाजविल्या. मीही वाजविल्या. भाषण चालू असतानाच सत्कारमूर्ती खुर्चीवरून उठले आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाले, ‘सर, साहेबाचं चालू द्या. मले निंगा लागते, वरात हाय.’ अंगावरची शाल घडी करून त्यांनी पिशवीत टाकली, तेव्हा आतला बँडचा लाल गणवेश दिसला. ज्याच्या कलेचे मोल करता येत नाही असे आम्ही नुकतेच ठरविले होते, तो माणूस ठरलेल्या मोलाने दोन तास वाजविण्यासाठी निघून गेला.

त्या टाळ्यांची मला तेव्हापासून लाज वाटते आहे. आयुष्यभर अर्थशास्त्र शिकविणाऱ्या आणि स्वतःला समाजवादी म्हणविणाऱ्या माणसाने एवढे तरी ओळखावयास हवे होते की, ‘अमोल’ या विशेषणाचा व्यवहारातला अर्थ बहुधा ‘फुकट’ असाच निघतो. हमालाच्या पाठीवरचे पोते आपल्याला श्रम म्हणून दिसले, विडी वळणाऱ्या बाईची बोटे दिसली, ऊसतोडणी कामगाराचा कोयता दिसला. पण चार तास उन्हात चालत फुंकणाऱ्या छातीचे श्रम आपल्याला दिसले नाहीत. तिथे आपण ‘कला’ हा शब्द उच्चारला आणि प्रश्न मिटविला. हा प्रश्न मिटलेला नाही, आणि तो मिटविण्याच्या पापात आपलाही वाटा आहे, एवढेच या लेखात सांगावयाचे आहे.

एक वर्ष, सात धंदे

पुढे त्या वादकांशी दोन-तीनदा सविस्तर बोलणे झाले. ते दारव्हा तालुक्यातले. वडील गावकीत डफडे वाजवीत आणि सुगीला धान्य मागत. मुलाला बाराव्या वर्षी शहरातल्या बँडमध्ये घातले. आधी झांज, मग साइडड्रम, मग क्लॅरिओनेट. स्वरलिपी कोणी शिकविली नाही. सिनेमाची गाणी ऐकून ऐकून बोटांत उतरली.

त्यांचे वर्ष कसे जाते ते पाहण्यासारखे आहे. तुळशीचे लग्न लागले की सुपाऱ्या सुरू होतात. पौषात मुहूर्त नसतात म्हणून खंड पडतो. फाल्गुनापासून ज्येष्ठापर्यंत खरी लग्नसराई. तिच्या मध्येच १४ एप्रिलची भीमजयंती येते. आषाढी एकादशी झाली की मुहूर्त बंद, बँड बंद. मग निंदणी-खुरपणीची मजुरी. पोळा, गणपती आणि नवरात्र हे मधले आधार. यवतमाळचा दुर्गोत्सव मोठा असल्याने त्या नऊ दिवसांत काहीतरी हाती लागते. दिवाळीनंतर कापसाची वेचणी, आणि मिळाले तर जिनिंगमध्ये काम. याखेरीज कोणाच्या तरी भजनी मंडळाला साथ, ऑर्केस्ट्रात बदली वादक म्हणून एखादी रात्र, आणि तरुणपणी नागपूरला जाऊन केलेली काही ध्वनिमुद्रणे. मी मोजले तर सात वेगवेगळे धंदे भरले. एवढ्या धंद्यांत रजा, आजारपण किंवा म्हातारपण यांची जबाबदारी घेणारा एकही नाही.

पावसाळ्यात घरात दाणा नसतो तेव्हा बँडमालक उचल देतो. ही उचल म्हणजे पुढच्या हंगामाची साखळी असते. ती फिटेपर्यंत दुसऱ्या बँडमध्ये जाता येत नाही, दराबद्दल बोलता येत नाही. ग्रेगरी बूथ या अभ्यासकाने भारतीय लग्नबँडांवर २००५ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथातही या आगाऊ रकमेच्या बंधनाची नोंद केली आहे. ऊसतोडणीतील उचलीवर आपण मोर्चे काढले आहेत. लाल गणवेशातली उचल मात्र आपल्या ठरावांत कधी आली नाही.

हा अनुभव एकट्या बँडवाल्याचा नाही. केळापूर, घाटंजी, झरी-जामणी या भागांतील परधान हे गोंडांचे परंपरागत भाट. किंगरीच्या साथीने गोंडांच्या देवांच्या आणि राजांच्या कथा गाणे आणि त्याबद्दल गोंड यजमानाकडून दान घेणे, ही त्यांची वृत्ती. यजमानाचीच जमीन गेली तिथे भाटाला दान कोण देणार? कोलामांच्या पोडांवर दिवाळीच्या सुमारास दंडारीचे ढोल वाजतात. पुसद-दिग्रसकडील तांड्यांवर नगाऱ्याच्या ठेक्यावर भजने होतात. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांमुळे (१९०९–१९६८) गावोगाव खंजिरी पोचली. आर्णीला बाबा कंबलपोश यांच्या उरुसात कव्वाली रंगते. एकच ढोलकीवाला या चार-पाच ठिकाणी चार-पाच प्रकारचे ताल वाजवितो. आमचे रसिक याला ‘अष्टपैलुत्व’ म्हणतात. अर्थशास्त्राच्या भाषेत याचे नाव वेगळे आहे. बाजारातील सारी अनिश्चितता ज्याच्या अंगावर ढकलली गेली आहे, त्याने जगण्यासाठी पसरलेले ते हातपाय आहेत.

वाजविणे आणि जात

या श्रमाला मजुरी का नाही, याचे पहिले उत्तर जातीत आहे. गावगाड्यात वाद्य वाजविणे हे कोणी निवडलेले काम नव्हते. ते मांगाने, महाराने करावयाचे असे ठरलेले होते. लग्नात नवरदेवाच्या पुढे तोच, मर्तिकात प्रेताच्या पुढे तोच; पंगत बसली की मात्र तो मांडवाबाहेर. त्याला मिळे ते बलुते किंवा ओवाळणी. मजुरी मागण्याचा हक्क असतो, बलुत्याची वाट पाहावी लागते. हा फरक मूलभूत आहे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हलकी, लाजिरवाणी गावकामे सोडण्याची हाक दिली तेव्हा विदर्भातील असंख्य कुटुंबांनी डफडे खुंटीला टांगले ते कायमचे. १९५६ च्या नागपूरच्या धर्मांतरानंतर तर ते आत्मसन्मानाचे चिन्हच ठरले. ज्यांनी वाद्य टाकले त्यांनी कला टाकली असे म्हणून हळहळणाऱ्यांनी हे समजून घ्यावे की, त्यांनी टाकली ती वेठ होती. संगीत त्यांनी टाकले नाही. ते जलशात आले, भीमगीतांत आले, कव्वालीत आले. वामनदादा कर्डक (१९२२–२००४) यांच्यासारखा कवी-गायक गावोगाव हिंडला आणि त्याने एका समाजाला आपला इतिहास गाऊन सांगितला.

परंतु येथेच एक विपरीत गोष्ट घडली. पूर्वी वाजविणे हे जातीचे कर्तव्य म्हणून फुकट होते. पुढे ते चळवळीचे कर्तव्य म्हणून फुकट झाले. मंदिरात ते भक्ती म्हणून फुकट, उत्सवात सेवा म्हणून फुकट, आणि सत्काराच्या सभागृहात अंतरीचा आनंद म्हणून फुकट. कारणे बदलत गेली, हिशोबाच्या वहीतला रकाना मात्र कोराच राहिला.

बाजाराचा न्याय

दुसरे उत्तर बाजारात आहे. विल्यम बाउमोल आणि विल्यम बोवेन या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञांनी १९६६ साली रंगभूमी व संगीत यांच्या अर्थकारणावर एक ग्रंथ लिहिला. त्यांचा मुद्दा साधा होता. कारखान्यात यंत्र आले की तासाला होणारे उत्पादन वाढते. पण चार वादकांची अर्ध्या तासाची रचना शंभर वर्षांपूर्वी जेवढा वेळ घेत असे तेवढाच आजही घेते. त्यामुळे वादकाची मजुरी इतरांच्या बरोबरीने वाढवायची तर त्याचे वाजविणे तुलनेने महाग होत जाणार. समाजाने तो भार उचलला नाही तर वादक तरी उपाशी राहील किंवा वादन तरी संपेल. यवतमाळच्या वरातीत दोन्ही घडले. वीस जणांचा बँड आधी बारांवर आला. मग ट्रकवर किबोर्ड आणि ढोल चढवून धुमाल आले. मग दोन माणसे आणि भिंतीएवढे कर्णे घेऊन डीजे आला. २०२० आणि २०२१ या टाळेबंदीच्या दोन वर्षांत तर लग्नसराईच बुडाली. शासनाने एकरकमी पाच हजारांची मदत जाहीर केली. दोन हंगामांची ती किंमत!

ध्वनिमुद्रणाचे गणित याहून क्रूर आहे. १९८० च्या दशकात कॅसेट स्वस्त झाली आणि लोकगीते, भीमगीते, देवाची गाणी यांचा मोठा बाजार उभा राहिला. गायकाला ठरावीक रक्कम, वादकाला त्या दिवसाची बिदागी. कॅसेट हजार खपो की लाख, वादकाचा संबंध संध्याकाळी संपला. वेष्टनावर गायकाचे चित्र असे, वादकाचे नावही नसे. आज तीच गाणी मोबाइलवर वाजतात, त्यांच्या आधीमागे जाहिराती लागतात. त्या दिवशी ढोलकी वाजविणाऱ्याला यातला पैसाही पोचत नाही.

कायदा काय म्हणतो? १९५७ च्या मूळ कॉपीराइट कायद्यात गायक-वादकाला हक्कच नव्हता. १९७७ साली चित्रपटसंगीताच्या हक्कांविषयीच्या खटल्यात न्या. कृष्ण अय्यर यांनी निकालाच्या शेवटी या उणिवेकडे मुद्दाम बोट दाखविले. संसदेला जाग यायला १९९४ साल उजाडले. २०१२ च्या दुरुस्तीने सादरीकरणाचा व्यापारी वापर झाल्यास कलावंताला स्वामित्वधन मिळण्याचा हक्क दिला. या कायद्यातील ‘सादरकर्ता’ या शब्दाची व्याख्या वाचकांनी अवश्य पाहावी. तीत नट, गायक, वादक, नर्तक आहेत. कसरतपटू, जादूगार, गारुडी आहेत. आणि शेवटी व्याख्यान देणारी व्यक्तीही आहे. म्हणजे कायद्याच्या लेखी मी आणि तो क्लॅरिओनेटवाला एकाच ओळीत बसतो. दोघांनीही चार दशके लोकांसमोर उभे राहून श्वास खर्च केला. मला दरमहा निवृत्तिवेतन मिळते. त्याला शाल मिळाली. आमच्यातला हा फरक गुणवत्तेचा नाही. माझ्या व्याख्यानामागे संघटना होती, वेतनश्रेणी होती, संपाची ताकद होती. त्याच्या वाद्यामागे यांपैकी काहीच नव्हते.

संघटना झाली तर काय होते, याचे उदाहरण अमेरिकेतच आहे. तेथील वादकांच्या महासंघाने १ ऑगस्ट १९४२ पासून ध्वनिमुद्रणावर बहिष्कार टाकला. युद्धकाळ होता, देशद्रोहाचे आरोप झाले, तरी मोठ्या कंपन्या नमेपर्यंत दोन वर्षांहून अधिक काळ तो चालला. तबकडीच्या विक्रीतून वादकांसाठी निधी द्यावा, ही त्यांची मागणी होती. पुढे १९४८ साली असा निधी स्वतंत्र विश्वस्ताकडे उभा राहिला आणि त्यातून लोकांसाठी विनामूल्य कार्यक्रम करणाऱ्या वादकांना मोबदला मिळू लागला. ग्रामीण अमेरिकन गाण्यांची राजधानी असलेल्या नॅशव्हिलमध्ये साथीदार वादकाचा तीन तासांच्या सत्राचा दर संघटनेने ठरविलेला असतो, पथकप्रमुखाला त्याच्या दुप्पट मिळते, आणि मालकाला निवृत्तिनिधीत भर घालावी लागते. तेथे स्वर्ग अवतरला आहे असे नव्हे. पण ते वादक स्वतःला कामगार म्हणवून घ्यायला लाजले नाहीत, आणि त्यांची कला त्यामुळे बाटली असे कोणी म्हटलेले नाही. आपल्या मुंबईतही चित्रपटाच्या वादकांनी संघटना करून दर आणि श्रेणी ठरवून घेतल्या होत्या. ती हवा यवतमाळपर्यंत पोचली नाही.

शासनाची दानत

तिसरा धनी शासन. वृद्ध कलावंतांना मानधन देण्याची योजना महाराष्ट्रात १९५४-५५ पासून आहे. २०२४ मध्ये तिला राजर्षी शाहू महाराजांचे नाव दिले आणि मानधन दरमहा ५,००० रुपये केले. वाढ झाली, ती चांगलीच झाली. पण लाभार्थी निवडायचे ते जिल्ह्यातून वर्षाला १००. सोळा तालुक्यांच्या आपल्या जिल्ह्यात भजनी, दंडारी, शाहीर, कीर्तनकार, बँडवाले आणि त्यांच्याबरोबर साहित्यिकही, साऱ्यांनी मिळून या १०० जागांसाठी रांग लावायची. रांगेत उभे राहायला कलावंत असल्याचे पुरावे हवेत : कात्रणे, प्रमाणपत्रे, छायाचित्रे. डफडे वाजविणाऱ्याची बातमी कोणत्या वर्तमानपत्राने छापली होती?

मुळात ‘मानधन’ या शब्दातच खोट आहे. मान देणाऱ्याच्या मर्जीवर असतो. त्यावर दावा सांगता येत नाही. २०२५-२६ मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीवर माती खणणाऱ्याला दिवसाला ३१२ रुपये दर ठरलेला होता. तो अपुरा म्हणून आपण भांडलो, पण भांडायला एक आकडा तरी होता. क्लॅरिओनेटवाल्यापाशी आकडाच नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये अंमलात आलेली वेतनसंहिता किमान वेतन साऱ्या क्षेत्रांना लागू असल्याचे सांगते. पण वाजंत्र्याचा मालक कोण? बँडमास्तर? वधूपिता? मंगल कार्यालय? उत्सव मंडळ? मालक सापडत नाही तोवर ही संहिता त्याच्यासाठी कोरा कागद आहे.

प्रतीकांसाठी मात्र शासनाकडे पैसा असतो. दिग्रसहून जवळच असलेल्या वाशिम जिल्ह्यातील पोहरादेवीला नंगाऱ्याच्या आकाराचे भव्य संग्रहालय उभारले गेले आणि ५ ऑक्टोबर २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. बंजारा समाजाच्या श्रद्धेचा तो विषय आहे आणि वारसा जपलाच पाहिजे. पण तांड्यावर नगारा वाजविणारा म्हातारा ऊसतोडणीला जातो की नाही, हे विचारण्याचा अधिकार त्याच श्रद्धेतून येतो.

आपली स्वतःची वही

आता स्वतःकडे वळू. महाराष्ट्रातील परिवर्तनाची प्रत्येक चळवळ गाण्याच्या खांद्यावर बसून गावात शिरली. सत्यशोधकांचे जलसे, आंबेडकरी जलसे, अण्णाभाऊ साठे, अमर शेख व गवाणकर यांचे लाल बावटा कलापथक, राष्ट्र सेवा दलाचे कलापथक. संयुक्त महाराष्ट्राचा लढा शाहिरांवाचून कल्पिता येत नाही. त्या अण्णाभाऊंचा शेवट १९६९ साली दारिद्र्यात झाला. सेवा दलाच्या कलापथकाने निळू फुले, राम नगरकर, दादा कोंडके यांना घडविले याचा आपण सार्थ अभिमान बाळगतो; पण त्यांचे पोट पुढे व्यावसायिक रंगभूमीने आणि चित्रपटाने भरले, चळवळीने नव्हे. ते नट होते, त्यांना ती वाट सापडली. त्यांच्यामागे ढोलकी वाजविणाऱ्यांचे काय झाले, हे आपल्यापैकी किती जणांना सांगता येईल?

आपल्या एखाद्या तालुका मेळाव्याचा जमाखर्च काढून पाहा. मंडपवाल्याचे बिल असते, ध्वनिक्षेपकाचे असते, भजी-चहाचे असते, वक्त्याचे प्रवासभाडेही असते. सभा सुरू होण्यापूर्वी तासभर गर्दी धरून ठेवणाऱ्या शाहिराच्या नावापुढे काही नसते. ‘तो आपलाच साथी आहे’ असे आपण म्हणतो. आपला म्हणूनच त्याची मजुरी बुडवायची, हा न्याय आपण कोठून आणला? गावगाड्यातल्या पाटलानेही वेगळे काय म्हटले होते?

काय करता येईल

महाराष्ट्राने १९६९ साली माथाडी कायदा केला. हमालाचाही मालक सापडत नव्हता; तो आज या दुकानात, उद्या त्या वखारीत. कायद्याने यावर तोड काढली. कामगार, मालक आणि शासन यांचे त्रिपक्षीय मंडळ, दोघांची नोंदणी, आणि मजुरीवर ठरावीक टक्के लेव्ही. त्यातून भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, रजा, औषधोपचार. बाबा आढावांनी हमाल पंचायतीतून जे शिकविले ते हेच की, मालक विखुरलेला असला तरी मजुराचा हक्क विखुरता कामा नये. बँड ही टोळीच आहे आणि बँडमास्तर हा मुकादम. मग वादकांसाठी असे मंडळ का नको?

यावर तीन आक्षेप येतील. पहिला, गरीब शेतकऱ्याच्या मुलीच्या लग्नावर कर बसेल. तो बसू नये. लेव्ही बसावी ती मंगल कार्यालये, लॉन, मोठी उत्सव मंडळे, इव्हेंटवाले, ध्वनिमुद्रण कंपन्या आणि निवडणूक लढविणारे पक्ष यांच्यावर. आपला पक्षही त्यात आला. अंगणात लागणारे लग्न यातून वगळावे. दुसरा आक्षेप, लेव्ही बसली की लोक डीजे आणतील. डीजेवरही ती तेवढीच बसवा, आणि तो पैसा वादकांच्या निधीत घाला. १९४८ साली तबकडीकडून जे घेतले गेले तेच हे. तिसरा आक्षेप सत्काराच्या अध्यक्षांचा : कला मजुरीच्या तराजूत तोलू नये. त्यांना माझे एकच विचारणे आहे. आपण आयुष्यभर घेतलेल्या पगाराने आपल्या विद्वत्तेचे तेज किती कमी झाले?

मंडळासाठी कायदा लागेल, त्याला वर्षे लागतील. एक गोष्ट मात्र कायद्यावाचून उद्याच करता येते. पुढच्या जिल्हा मेळाव्याला जो शाहीर, जो ढोलकीवाला, जो खंजिरीवाला येईल, त्याच्याशी दर आधी ठरवावा, इसार द्यावा, आणि कार्यक्रम संपताच उरलेली रक्कम सही घेऊन हातात ठेवावी. जमाखर्चात मंडपाच्या बिलाखाली ‘वादकांची मजुरी’ असा रकाना उघडावा. आणि गावोगावच्या वादकांची एक यादी करावी : नाव, वय, वाद्य, वर्षातले वाजविण्याचे दिवस, उचल किती. ही यादीच उद्याच्या संघटनेचे पहिले पान ठरेल. दारव्हा तालुक्यातील पहिले नाव मी देतो. सध्या लग्नसराई आहे. ते घरी सापडणार नाहीत. आषाढी झाल्यावर जावे. तेव्हा ते निंदायला गेलेले असतील, म्हणून संध्याकाळीच जावे.